धावत्या गाडीला रस्त्यातून वीज: गरज कोणाला आहे आणि कोणाला नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण पुण्यात राहता, रोजचे येणे-जाणे चाळीस किलोमीटरच्या आत आहे, वर्षातून काही वेळा नागपूरला गावी जाता, आणि विजेवरची मोटार आत्ताच घ्यावी की चालत्या गाडीला चार्ज करणारे ‘स्मार्ट’ रस्ते येईपर्यंत पाच-सहा वर्षे थांबावे, असा पेच आपल्यापुढे आहे. समृद्धी महामार्गासारखा संपूर्ण नवा रस्ता बांधला जात असतानाच त्यात ही सोय का केली नाही, असेही आपण विचारले आहे. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, परंतु त्यांची उत्तरे वेगवेगळ्या कारणांवर उभी असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिल्याचे उत्तर आधी देतो. मोटारीसाठी थांबू नका. गाडी रात्री उभी करण्याची जागा आपली स्वतःची असेल आणि तेथे वीज आणता येत असेल, तर रस्त्यातून वीज मिळण्याची आपल्याला गरजच पडणार नाही. जागा नसेल तर निर्णय थोडा वेगळा होतो, त्याकडे शेवटी येतो. मी नोकरीची बहुतेक वर्षे रेल्वेच्या ओव्हरहेड तारांच्या देखभालीत काढली आणि आता बसडेपो व गृहनिर्माण संस्थांमधील चार्जिंगच्या जोडण्यांचे काम करतो. त्यामुळे मी हा विषय तारांच्या, उपकेंद्रांच्या आणि देखभालीच्या बाजूने पाहतो, हे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

धावत्या वाहनाला रस्त्यातून वीज देता येते का, हा प्रश्न आता उरलेला नाही. देता येते, आणि तीन प्रकारे देऊन झालेली आहे. पहिला प्रकार रेल्वेसारखा, डोक्यावरच्या तारांचा. स्वीडनमध्ये सँडविकेनजवळ ई-१६ महामार्गावर २०१६ साली दोन किलोमीटरच्या तारांखालून संकरित (हायब्रिड) ट्रक धावले, आणि २०१९ मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्ट ते डार्मश्टाट दरम्यानच्या ए-५ महामार्गावर अशाच तारा उभारल्या गेल्या. दुसरा प्रकार रस्त्यात बसवलेल्या वाहक पट्टीचा. स्टॉकहोमच्या अर्लांडा विमानतळाजवळ २०१८ मध्ये दोन किलोमीटर रस्त्यात अशी पट्टी बसवली, तिच्या खोबणीत ट्रकच्या पोटाखालचा हात उतरतो आणि वीज घेतो. तिसरा प्रकार बिनतारी, म्हणजे रस्त्याखाली कॉइल (तारेचे वेटोळे) आणि गाडीखाली कॉइल. दक्षिण कोरियातील गुमी शहरात २०१३ पासून अशा बस चालल्या, आणि अमेरिकेत डेट्रॉइटच्या चौदाव्या रस्त्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे चारशे मीटरचा पट्टा सुरू झाला. यांपैकी कोणतीही चाचणी ‘यंत्रणा चालली नाही’ म्हणून फसली असे म्हणता येणार नाही. अडचण पुढच्या हिशेबात आहे: हा खर्च कोणत्या वाहनासाठी करायचा, तो कोणी करायचा आणि रोजची देखभाल कोणाच्या अंगावर पडणार.

तारांपासून सुरुवात करतो, कारण ते माझे काम. रेल्वेला डोक्यावर एकच तार पुरते, कारण प्रवाह परत जाण्यासाठी खाली रूळ असतो. ट्रकला रबरी टायर असतात, म्हणून त्याला जाणारी आणि येणारी अशा दोन तारा लागतात आणि पँटोग्राफही, म्हणजे तारेला टेकून वीज घेणारा छपरावरचा सांगाडाही, दोन भागांचा लागतो. रेल्वेत कॉन्टॅक्ट वायर सरळ रेषेत कधीच ओढत नाहीत. ती एका खांबापाशी मध्यरेषेच्या डावीकडे आणि पुढच्या खांबापाशी उजवीकडे सुमारे वीस सेंटिमीटर सरकवलेली असते, म्हणजे पँटोग्राफवरची कार्बनची पट्टी एकाच जागी न झिजता सगळीकडे सारखी घासली जाते. गाडी रुळावरून हलत नाही, म्हणून हे गणित जमते. ट्रकचालक लेनमध्ये अर्धा मीटर इकडे-तिकडे जाणारच, त्यामुळे पँटोग्राफने सेन्सरच्या आधारे तार शोधत सरकायला हवे आणि ट्रक लेन सोडू लागताच स्वतःहून खाली बसायला हवे. जर्मनीत हे साधले आहे, पण लेनची शिस्त तेथे आहे म्हणून साधले आहे. मुंबईकरांना ही कल्पना अगदीच नवी नाही. बेस्टने १९६२ ते १९७१ या काळात गवालिया टँक ते माझगाव मार्गावर ट्रॉलीबस, म्हणजे डोक्यावरच्या तारांतून वीज घेणारी बस, चालवली होती.

यापेक्षा मोठा मुद्दा व्होल्टेजचा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. रेल्वेच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात, म्हणून मोठ्या मार्गांवर दोन उपकेंद्रांमध्ये चाळीस-पन्नास किलोमीटर अंतर चालते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली तेव्हा तारेत १५०० व्होल्ट डीसी होते, आणि त्या पद्धतीत उपकेंद्रे फार जवळजवळ लागत. गाड्या वाढल्या, त्यांना लागणारा प्रवाह वाढला, आणि शेवटी उपनगरी रेल्वेला सगळी यंत्रणा २५ हजार व्होल्टवर न्यावी लागली. रस्त्यावरच्या ट्रकला २५ हजार व्होल्ट देता येत नाहीत: त्यासाठी काही टन वजनाचा ट्रान्सफॉर्मर ट्रकने वाहून न्यावा लागेल, आणि रबरी टायरमुळे ट्रकच्या सांगाड्याला रुळासारखे भक्कम अर्थिंग मिळत नाही, म्हणजे इन्सुलेशन बिघडले तर दार उघडून खाली पाय टेकवणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून जर्मनीतील तारांमध्ये सहाशे-सातशे व्होल्टच्या आसपास डीसी ठेवले होते. इतक्या कमी व्होल्टेजवर मोठी वीज द्यायची तर दर दोन-तीन किलोमीटरला एक उपकेंद्र हवे, आणि प्रत्येक उपकेंद्रापर्यंत उच्चदाबाचा फीडर, म्हणजे वीज आणून देणारी वाहिनी, हवा. विद्युत रस्त्याचा खर्च म्हटले की लोक तार किंवा कॉइल मोजतात, परंतु माझ्या अनुभवात खरा पैसा आणि खरा वेळ या फीडरमध्ये, त्याच्या जागेत आणि त्याच्या परवानग्यांमध्ये जातो.

आता बिनतारी पद्धतीकडे येतो, कारण मोटारींसाठी हिचेच नाव अधिक घेतले जाते. डोक्यावरच्या तारेपर्यंत मोटारीचा हात पोहोचतच नाही. गुमीच्या बसला सतरा सेंटिमीटरच्या अंतरातून सुमारे ८५ टक्के कार्यक्षमतेने शंभर किलोवॅटपर्यंत वीज मिळत होती, आणि त्यासाठी मार्गाचा थोडाच भाग खणावा लागला होता. आकडे चांगले आहेत. पण ती एकाच मार्गावर फिरणारी, एकाच मालकाची बस होती. मोटारीचे पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर पुढे जाते. रस्त्यातली एक कॉइल दीड मीटरची धरली तर गाडी तिच्यावर सेकंदाचा चौदावा-पंधरावा भाग असते. तेवढ्या वेळात ही गाडी कोणाची, तिच्याखाली कॉइल आहे का, तिच्या नावावर बिल लावता येईल का हे ठरलेले असावे लागते, कॉइल सुरू व्हावी लागते आणि गाडी पुढे जाताच बंद व्हावी लागते, कारण मागून दुचाकी येत असते. हे इलेक्ट्रॉनिक्स आज उपलब्ध आहे. मात्र ते किलोमीटरमागे शेकडो जागी बसवायचे, आणि तेही आपल्या पावसाळ्यात, वर्षानुवर्षे पाण्यापासून जपायचे आहे.

शिवाय कॉइल रस्त्याच्या पृष्ठभागाजवळ, साधारण आठ-दहा सेंटिमीटर खोलीवर ठेवावी लागते. डांबरी रस्त्याचा वरचा थर काही वर्षांनी मिलिंग यंत्राने खरवडून नवा करतात. खरवडण्याची खोली थोडी चुकली तर कॉइल गेली. शहरात याहून कठीण परिस्थिती आहे, कारण पाणी, ड्रेनेज, गॅस आणि फायबर यांसाठी तोच रस्ता वेगवेगळ्या खात्यांकडून खणला जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी हे काँक्रीटचे आहेत, तेथे मिलिंगची भीती कमी, पण दुसरी अडचण उभी राहते. काँक्रीटच्या दोन स्लॅबच्या सांध्यात भार पुढे नेण्यासाठी लोखंडी डॉवेल बार ओळीने बसवलेले असतात. बिनतारी कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रात लोखंड आले की त्यात प्रवाह निर्माण होतो, लोखंड तापते आणि तेवढी वीज वाया जाते. कॉइलच्या जागा सांधे टाळून आखता येतात, पण त्यासाठी रस्त्याची रचना करणारा स्थापत्य अभियंता आणि वीजयंत्रणा आखणारा अभियंता पहिल्या दिवसापासून एका टेबलावर बसायला हवेत. तयार काँक्रीट कापून नंतर कॉइल बसवणे म्हणजे रस्त्याचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे आहे.

आता गरज कोणाला आहे ते पाहू, कारण सगळ्या चर्चेचा निकाल येथे लागतो. मध्यम आकाराच्या विजेच्या मोटारीला एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाता येते. आपल्या चाळीस किलोमीटरसाठी रोज सहा-सात युनिटे पुरतात, ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर ती दोन तासांत भरतात, आणि आपली गाडी रात्री आठ-दहा तास उभीच असते. मोटार दिवसाचा बहुतेक काळ उभी असते. त्यामुळे तिला वीज देण्याची स्वस्त जागा तिच्या उभ्या राहण्याची जागा आहे, धावण्याची नाही.

मालवाहू ट्रेलरचे तसे नाही. चाळीस टनांचा भरलेला ट्रेलर सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने धावताना किलोमीटरमागे सव्वा ते दीड युनिट खातो, म्हणजे त्याला सतत शंभर-सव्वाशे किलोवॅट लागतात. तो दिवसरात्र धावला तरच मालकाचा हप्ता फिटतो. खोपोलीहून खंडाळ्याला तो सुमारे पाचशे मीटर उंची चढतो. केवळ ते वजन तेवढे वर उचलायला सुमारे पंचावन्न युनिटे लागतात, आणि घर्षण व इतर तोटे धरून हा आकडा साठ-सत्तरवर जातो. एका मोटारीची संपूर्ण बॅटरी या एका घाटात संपते. पाच टक्के चढावर ताशी तीस किलोमीटर वेगही राखायचा म्हटला तरी सुमारे दोनशे किलोवॅट हवेत. म्हणून जगात रस्त्यावरच्या विजेचा हिशेब जमतो तो जड वाहन, ठरलेला मार्ग आणि चढ या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तेथे. स्वीडनमधील आयटिक या तांब्याच्या खाणीत डंपरसाठी चढाच्या रस्त्यावर तारा ओढल्या आहेत, त्या यामुळेच: रस्ता खाणीचा, डंपर खाणीचे, बचतही खाणीची, त्यामुळे खर्च कोणी करायचा हा वादच राहत नाही.

सार्वजनिक महामार्गावर तोच वाद सर्वांत मोठा ठरतो. ट्रकमालक म्हणतो की किमान काही शे किलोमीटर रस्ता तयार असल्याशिवाय मी पँटोग्राफचा ट्रक घेणार नाही. रस्ता बांधणारा म्हणतो की ट्रक दिसल्याशिवाय मी तारा ओढणार नाही. अर्लांडाच्या प्रकल्पकर्त्यांनी त्यांच्या पट्टीचा खर्च किलोमीटरला सुमारे दहा लाख युरो सांगितला होता, म्हणजे आजच्या दराने दहा कोटी रुपयांच्या आसपास. स्वीडनने या सगळ्या चाचण्यांनंतर हाल्सबर्ग ते ओरेब्रो या २१ किलोमीटरच्या पट्ट्यावर पहिला कायमस्वरूपी विद्युत रस्ता करायचे ठरवले, पण निविदा अंदाजपत्रकाच्या फार वर गेल्या आणि २०२३ मध्ये ती प्रक्रिया थांबवावी लागली. फ्रँकफुर्टजवळची चाचणीही २०२४ अखेर संपली. ज्या देशांनी या कामात सर्वाधिक पैसा आणि अभ्यास घातला, तेच आता हात आखडता घेत आहेत. याचे एक कारण बॅटरी आहे. २०१० च्या सुमारास एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीपॅकची किंमत हजार डॉलरच्या वर होती. २०२४ मध्ये ब्लूमबर्गच्या पाहणीत सरासरी ११५ डॉलर आली. रस्त्यातून वीज देण्याची कल्पना बॅटरी महाग आणि जड असताना मोलाची होती. बॅटरी स्वस्त होत जाते तसतसे तिचे क्षेत्र आकसून घाट, खाण, बंदर आणि बसमार्ग एवढ्यापुरते उरते.

तेवढे क्षेत्रही लहान नाही, आणि आपल्या राज्यात त्याचा मनापासून विचार व्हावा असे मला वाटते. जवाहरलाल नेहरू बंदरातून जवळच्या कंटेनर गोदामांपर्यंत होणाऱ्या ट्रेलरच्या फेऱ्या, चंद्रपूर भागातील कोळशाची वाहतूक, आणि भोरघाटासारखा एखादा चढ, येथे मी पट्टी किंवा तार यांचा अभ्यास जरूर करीन. केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरी यांनी दिल्ली-जयपूर मार्गावर तारांच्या विद्युत महामार्गाची कल्पना अनेकदा मांडली आहे. तीही प्रामुख्याने बस आणि ट्रकसाठी आहे, हे बातम्या वाचताना सुटून जाते.

समृद्धीवर ही सोय का केली नाही, याचे उत्तर आता सोपे होईल. सातशे एक किलोमीटरच्या रस्त्यात तीनपैकी कोणती पद्धत टाकायची, हे ठरवण्यासारखे जागतिक मानक रस्ता आखला तेव्हा नव्हते आणि महामार्गासाठी अजूनही पक्के झालेले नाही. चुकीची पद्धत काँक्रीटमध्ये गाडली असती तर ती काढताही आली नसती. विजेचा भारही लहान नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. दोन्ही दिशा मिळून किलोमीटरमागे दहा ट्रक प्रत्येकी शंभर किलोवॅट घेत आहेत असे धरले, तर किलोमीटरला एक मेगावॅट आणि संपूर्ण मार्गाला सुमारे ९५ मेगावॅट लागतात. तेवढी वीज लांबच लांब पट्ट्यावर सारखी पोहोचवायची म्हणजे महापारेषणने वेगळी पारेषण यंत्रणाच उभारायला हवी. माझ्या मते नवा महामार्ग बांधताना तार किंवा कॉइल टाकू नये, पण कडेने रिकामे डक्ट (पुढे केबल ओढण्यासाठीच्या नळ्या) टाकावेत, ठरावीक अंतरावर उपकेंद्रांसाठी जागा राखून ठेवावी आणि विश्रांतीस्थळांपर्यंत उच्चदाबाचा फीडर आणून ठेवावा. उद्या वेगवान चार्जर आले, ट्रकचे मेगावॅट चार्जर आले किंवा घाटात खरोखरच तारा ओढायच्या ठरल्या, तरी हे काम वाया जात नाही. जागा राखली नाही तर मात्र दहा वर्षांनी तीच जमीन मिळवताना सगळे प्रकल्प अडतात.

आपण पत्रात सौररस्त्याचाही उल्लेख केला आहे, त्यावर थोडेच लिहितो. फ्रान्समध्ये नॉर्मंडीतील तुरूव्र गावाजवळ डिसेंबर २०१६ मध्ये पन्नास लाख युरो खर्चून एक किलोमीटर रस्त्यावर सौरपट्ट्या बसवल्या होत्या. काही वर्षांतच त्या झिजल्या, तुटल्या, आवाजामुळे वेगमर्यादा कमी करावी लागली, आणि वीजही अपेक्षेपेक्षा बरीच कमी मिळाली. सपाट पडलेल्या, धुळीने माखलेल्या आणि वरून ट्रक जाणाऱ्या पट्टीपेक्षा शेजारच्या शेडच्या छपरावरची तिरकी पट्टी अधिक वीज देते, स्वस्त पडते आणि दुरुस्तही करता येते. ‘स्मार्ट’ रस्त्याचा उरलेला भाग, म्हणजे कॅमेरे, वेगाची नोंद, पुढच्या अपघाताची सूचना देणारे फलक, हा मात्र आजच उपयोगी आहे आणि त्याला रस्त्याखाली काही गाडावे लागत नाही.

आता आपल्या गाडीकडे येतो. रोजच्या वापराचा हिशेब वर दिलाच आहे. नागपूरचा प्रवास सातशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि समृद्धीवर वेगमर्यादा १२० असली तरी तो वेग बॅटरीला महाग पडतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी नव्वद-पंचाण्णववर राहिलात तर साठ युनिटांच्या बॅटरीवर वाटेत दोन थांबे पुरावेत. १२० ने गेलात तर तीन धरावेत. थांब्यांची जागा निघण्याआधी ठरवा आणि ठरवलेल्या चार्जरच्या आधी एक पर्यायी चार्जर हाताशी ठेवा, कारण चार्जर नकाशावर असणे आणि चालू असणे या दोन गोष्टी आहेत. हा त्रास वर्षातून काही वेळाच सोसायचा आहे.

खरी अडचण बहुधा आपल्या सोसायटीत येईल. समजा वीस सभासदांनी प्रत्येकी ७.२ किलोवॅटचा चार्जर लावला आणि सगळे रात्री दहाला सुरू झाले, तर एकदम १४४ किलोवॅटचा भार येतो आणि सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर तो घेऊ शकत नाही, म्हणून कमिटी सरसकट नकार देते. परंतु प्रत्येकाला रोज सात युनिटेच लागत असतील, तर एकूण १४० युनिटे आठ तासांत वाटून द्यायची आहेत आणि सरासरी भार साडेसतरा किलोवॅटच येतो. चार्जर आपापसात भार वाटून घेतील अशी यंत्रणा बसवली की बहुतेक ठिकाणी वाढीव भार मंजूर करून घेणेही टळते. महावितरण ईव्हीसाठी स्वतंत्र जोडणी आणि स्वतंत्र दर देते, त्यामुळे बिलाचे वाद सोसायटीच्या सामायिक मीटरवर येत नाहीत. आपल्याला स्वतःची जागा नसेल आणि गाडी रस्त्यावर लावावी लागत असेल, तर मी सध्या विजेची मोटार घेण्याची घाई करा असे सांगणार नाही. मात्र अशा वेळीही वाट पाहायची ती कार्यालयात किंवा जवळच्या वाहनतळावर भरवशाचा चार्जर येण्याची. रस्त्याखालच्या कॉइलची नाही.

सोसायटीचा मंजूर भार, सध्याची कमाल मागणी (दोन्ही आकडे सामायिक मीटरच्या बिलावर छापलेले असतात) आणि मीटररूमपासून आपल्या पार्किंगपर्यंतचे अंतर कळवलेत, तर केबल कोणत्या मापाची घ्यावी आणि कमिटीपुढे अर्ज कसा मांडावा, हे मी सविस्तर लिहीन.